साडेसहा सेकंदांनी जागा होणारा प्रोसेसर

लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.६ वरून ६.१२ वर नेला आणि एआरएम प्रोसेसरचा छोटा बोर्ड सुस्तावला. निवांत असताना एकदम काम दिलं की प्रोसेसर काही सेकंद सगळ्यात खालच्या फ्रिक्वेन्सीवर रेंगाळायचा, मग थेट वर जायचा. काम संपल्यावरही उतरायला तसाच वेळ.

पहिला संशय तापमानाचा. पण स्केलिंग_मॅक्स_फ्रेक, म्हणजे फ्रिक्वेन्सीची वरची मर्यादा, जागेवर होतं, त्यामुळे तो लगेच सोडला. गव्हर्नर (लोड बघून फ्रिक्वेन्सी ठरवणारा कर्नलचा भाग) होता ऑनडिमांड. त्याचा सॅम्पलिंग_रेट, म्हणजे किती वेळाने लोड बघायचा तो आकडा, वाचला: ६४४२४५०. एकक मायक्रोसेकंद, म्हणजे गव्हर्नर ६.४४ सेकंदांतून एकदाच लोड बघत होता. ६.६ वर तिथे १०००० होतं.

असा आकडा कोणी हाताने लिहीत नाही, म्हणून उलटा हिशेब केला. दीडने भागल्यावर आले ४२९४९६७. आणि सीपीयूइन्फो_ट्रान्झिशन_लेटन्सीत (फ्रिक्वेन्सी बदलायला लागणारा वेळ) होते ४२९४९६७२९५ नॅनोसेकंद. ३२ बिटांतला उणे एक! हा वेळ नव्हेच, ‘माहीत नाही’ ही खूण आहे. बोर्डसोबतच्या डिव्हाइस ट्रीत (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणारी फाइल) ओपीपी नोंदींना, म्हणजे फ्रिक्वेन्सी-व्होल्टेजच्या जोड्यांना, क्लॉक-लेटन्सी-एनएस हा बदलाचा वेळ दिलेला नव्हता (तो ऐच्छिकच आहे), व्होल्टेज देणाऱ्या रेग्युलेटरकडूनही वेळ मिळत नव्हता. मग डिव्हाइस ट्री वाचणाऱ्या सीपीयूफ्रेक-डीटी ड्रायव्हरने खूण पुढे केली आणि कर्नलच्या सीपीयूफ्रेक कोअरने तिला खरी संख्या समजून हजाराने भागलं, वर निम्मी भर घातली. जुन्या कर्नलमध्ये १० मिलिसेकंदांची कमाल मर्यादा होती, तिच्याखाली हे सगळं झाकलं जायचं.

सॅम्पलिंग_रेटमध्ये १०००० लिहिताच बोर्ड पूर्ववत झाला, पण रीबूट केलं की ते पुसलं जातं. स्केडयूटिल हा दुसरा गव्हर्नर लावला तर त्याच्या रेट_लिमिट_यूएसमध्येही (दोन बदलांमधलं किमान अंतर) तोच आकडा येतो. त्यामुळे दुरुस्ती मुळाशीच हवी. पीएलएल (क्लॉक तयार करणारं सर्किट) आणि व्होल्टेज स्थिर व्हायला लागणारा वेळ मोजून डिव्हाइस ट्रीत घालावा. शिवाय खूण दिसली की कर्नलने १० लाख नॅनोसेकंद, म्हणजे १ मिलिसेकंद धरावा. मुख्य कर्नलनेही पुढे हेच केलं. नुसती कमाल मर्यादा परत आणणं मला पटत नाही, कारण मग चुकीची किंमत पुन्हा दिसेनाशी होते.

दुरुस्तीनंतर सॅम्पलिंग_रेट १५०० दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. ऑनडिमांड दोन टिकांच्या (कर्नलच्या टायमरचे ठोके) खाली जात नाही. २५० हर्ट्झच्या कर्नलवर ८००० दिसतात, आणि ते बरोबर आहे.