गिब्सनचे न निघालेले कार्ड

शनिवार, रात्री उशिरा

बेसबॉलपटू जॉश गिब्सनचे, मी जुन्या शैलीत केलेले कार्ड आज फळीवरून काढून कामाच्या टेबलावर आणून ठेवले आहे. संध्याकाळपासून त्याच्यासमोर बसून आहे, पण अर्धवट राहिलेल्या ऑस्कर चार्ल्स्टनच्या कार्डाला हात लावावासा वाटत नाही. कारण म्हटले तर क्षुल्लक आहे. दुपारी ईराची मैत्रीण आली होती; शाळेसाठी दोघींना पिट्सबर्गच्या इतिहासावर काही लिहायचे आहे. फळीपाशी उभी राहून तिने ते कार्ड बराच वेळ निरखले आणि ती ईराला म्हणाली, की म्हणजे त्या काळातही या कृष्णवर्णीय खेळाडूंची कार्डे सगळ्यांच्या बरोबरीने निघत होती. तिच्या बोलण्यात आनंद होता, काहीशी सुटकाही होती. ईराने सांगितले की ते आईने केले आहे, पण तोवर दोघींचे लक्ष दुसरीकडे गेले होते.

अकरा वर्षांच्या मुलीवर रागावण्यासारखे त्यात काहीच नव्हते, आणि मला राग आलाही नाही. मग जे आले ते काय होते, हे मला अजून नीट सांगता येत नाही. ते कार्ड जसे वाचले जावे म्हणून मी केले होते, अगदी तसेच तिने ते वाचले, आणि तसे वाचल्यामुळेच तिला खोटी गोष्ट कळली.

बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीने १९३३ साली च्युइंगमबरोबर बेसबॉल खेळाडूंच्या २४० कार्डांची मालिका काढली. साधारण चौकोनी म्हणावे असे छोटे कार्ड, छायाचित्रावरून रंगवलेला खेळाडू, मागे एकाच रंगाचा सपाट पडदा आणि खाली लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत च्युइंगमची जाहिरात. जुन्या कार्डांमध्ये मला याहून देखणे काही वाटत नाही. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या, होनस वॅग्नरच्या कार्डामुळे जगभर गाजलेल्या मालिकेपेक्षाही मला गाउडीचे रंग अधिक जिवंत वाटतात. त्या २४० कार्डांत त्या काळचा सर्वांत मोठा तारा बेब रूथ याची चार आहेत. कृष्णवर्णीय खेळाडूचे एकही नाही, कारण ज्या मोठ्या लीगमधले खेळाडू कंपनी छापत होती तिची दारेच त्यांना बंद होती.

त्या वर्षी गिब्सन २१ वर्षांचा होता आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघाचा कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा खेळाडू, होता. त्याच संघात सॅचेल पेज होता, ऑस्कर चार्ल्स्टन होता, कूल पापा बेल आणि ज्यूडी जॉन्सन होते. हे पाचही जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च सन्मानाच्या यादीत, गेले. हिल डिस्ट्रिक्टमध्ये बेडफर्ड ॲव्हेन्यूवर संघमालक गस ग्रीनलीने या संघासाठी स्वतःच्या पैशांनी मैदान बांधले होते. १९३८ मध्ये ते पाडले गेले आणि तिथे घरे उभी राहिली. मोठ्या लीगच्या फोर्ब्ज फील्ड मैदानाच्या भिंतीचा तुकडा विद्यापीठाच्या परिसरात अजून जपून ठेवलेला आहे आणि तिथली होम प्लेट काचेखाली पाहायला मिळते, पण ग्रीनली फील्डची भिंत कुठे शोधायची?

या कंपनीची एक गोष्ट मला सारखी आठवते. १९३३ मध्ये क्रमांक १०६ चे कार्ड कुणालाच मिळाले नाही, कारण ते छापलेच नव्हते. मालिका पुरी व्हावी म्हणून मुले च्युइंगम घेत राहिली. संग्राहकांनी कंपनीकडे तक्रारी केल्या, तेव्हा १९३४ साली नॅप लाजवेचे कार्ड छापून तक्रार करणाऱ्यांना टपालाने पाठवले गेले. लाजवे मोठ्या लीगमधून १९१६ सालीच बाहेर पडला होता. एक जागा रिकामी आहे हे लोकांना दिसले, त्यांनी ते बोलून दाखवले आणि ती जागा भरली गेली. गिब्सनची जागा मात्र रिकामी दिसतच नव्हती. ती क्रमांकांच्या बाहेर होती. कार्ड करायला घेतले तेव्हा माझ्या डोक्यात एवढेच होते, की ही जागा दिसली पाहिजे.

आणि मी ती इतकी चांगली भरली, की ती कधी रिकामी होती हेच आता कुणाला दिसत नाही. दुपारपासून मन याच एका ठिकाणी परत परत येऊन अडते आहे.

या कार्डातले सर्वांत अवघड काम चेहऱ्याचे होते. गाउडीची कार्डे भिंगाखाली पाहिली की गोऱ्या चेहऱ्यांची युक्ती लगेच कळते. कागदाचा फिकट रंग बराचसा तसाच सोडायचा, त्यावर किरमिजी ठिपके विरळ पेरायचे, गालांवर थोडे दाट करायचे, की उन्हातून आलेला माणूस उभा राहतो. गिब्सनचा चेहरा त्या शाईत कसा छापला गेला असता हे पाहण्यासाठी मी पूर्ण मालिका पुन्हा पुन्हा चाळली, आणि मग लक्षात आले की नमुना म्हणून समोर ठेवता येईल असा एकही चेहरा २४० कार्डांत नाही. वगळले जाणे म्हणजे काय, हे मला अनेक लेखांतून जितके समजले नव्हते तितके त्या संध्याकाळी शाईतून समजले. काळे ठिपके वाढवले की गालाचे हाड, हनुवटीची कड, हसू, सगळे बुजून जाई. कमी केले की चेहरा राखेसारखा निर्जीव होई. शेवटी काळा रंग जवळजवळ काढून टाकला, पिवळ्या आणि किरमिजी रंगांवर निळ्याचा अगदी पातळ थर दिला, तेव्हा कुठे तपकिरी रंग आतून उजळला आणि टोपीच्या सावलीत त्याचे डोळे दिसू लागले. मला त्या क्षणी रडू आले होते. निखिलला मी ते कधी सांगितले नाही.

त्यानंतरची कामे सोपी होती. लाल रंगाचा थर केसभर बाजूला सरकवला, म्हणजे जुन्या छापखान्यात रंग जसे एकमेकांवर नेमके बसत नसत तसे दिसते. कागद चकचकीत नसलेला, किंचित करडा निवडला. पुढची आणि मागची बाजू वेगळी छापून चिकटवली, कोपरे बोटाने चोळून जरासे मऊ केले. चहाच्या पाण्यात बुडवून कार्ड जुने करण्याची पद्धत मला पहिल्यापासून आवडत नाही. माझ्या प्रत्येक कार्डाच्या मागे ते कोणत्या वर्षी तयार केले हे बारीक अक्षरांत छापलेले असते, आणि विकण्यासाठी तर मी एकही केलेले नाही. म्हणजे फसवणूक होऊ नये याची काळजी मी घेतलेलीच होती. निखिल जेवताना म्हणाला, "तू मागे लिहितेस गं, पण लोक पुढून बघतात." त्याने ते सहज म्हटले, पण त्यावर मला उत्तर सुचले नाही.

थोडा वेळ मला स्वतःचीच फार कीव आली, हेही लिहून ठेवते. ऑफिसातून आल्यावर, सगळे आवरल्यावर, मान अवघडेपर्यंत बसून केलेले हे काम आहे. 'अगदी खरे वाटते' हे शब्द कुणीतरी मनापासून म्हणावेत अशी मी इतकी वाट पाहिली, आणि आज ते शब्द न उच्चारता एका मुलीने त्याहून मोठी दाद दिली, तर तीच मला नकोशी झाली. ज्यांना या कार्डांशी काही देणेघेणे नाही त्यांना यात दुःख करण्यासारखे काय आहे हे कसे समजावून सांगायचे? आणि ज्यांना आहे, ते तर कोपरे आणि रंगच पाहतात.

मागच्या मजकुराचाही आज पुन्हा विचार केला. गाउडीच्या कार्डांमागे हिरव्या शाईत खेळाडूची थोडक्यात ओळख असते. गिब्सनची ओळख मी १९३३ मध्ये बसून लिहावी तशी लिहिली होती: वय २१, कॅचर, चेंडू फार लांब मारतो, पुढे याच्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत. लिहिताना त्यात एक समाधान होते, कारण तेवढ्या चार ओळींपुरते त्याचे पुढचे काहीच घडलेले नव्हते. २० जानेवारी १९४७ रोजी पिट्सबर्गमध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला नव्हता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन आधुनिक काळातल्या मोठ्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून ब्रुकलिनकडून मैदानात उतरला नव्हता. आणि ॲलेगेनी सेमेटरीतले ते थडगे वर्षानुवर्षे नावाच्या दगडाशिवाय राहिले नव्हते. आज तोच मजकूर वाचताना वाटले, की मी त्याचे दुःख जितके पुसले तितकाच इतरांनी केलेला अन्यायही पुसला. १९७२ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, २०२४ च्या मे महिन्यात कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदींत घेतले गेले आणि फलंदाजीच्या ०.३७२ सरासरीसह त्याचे नाव, तोवर पहिल्या क्रमांकावर असलेल्या टाय कॉबच्या वर लागले. हे सगळे मला ठाऊक होते, आणि शैलीशी प्रामाणिक राहण्यासाठी मी ते बाहेर ठेवले.

पोर्तो रिकोमध्ये १९५०-५१ च्या सुमारास त्याचे एक कार्ड निघाले होते, तेही मृत्यूनंतर. चार्ल्स्टनची कार्डे १९२० च्या दशकात क्यूबामध्ये सिगारेटबरोबर निघाली होती. पेजला मोठ्या लीगमधल्या क्लीव्हलंडने १९४८ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, संघात घेतले, आणि मग अमेरिकेतल्या कंपन्यांनी त्याची कार्डे काढली. समुद्र ओलांडला की या माणसांचे चेहरे छापण्याजोगे होत होते. आपल्याकडे क्रिकेटपटू पालवणकर बाळूंना दलित म्हणून पुण्याच्या क्लबात तंबूबाहेर मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई आणि गोलंदाजीला मात्र तेच हवे असत. १९११ मध्ये तेच बाळू इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले आणि तिथली मैदाने त्यांनी गाजवली. बाळूंचेही एक कार्ड करावे असे फार दिवस मनात आहे, पण आज तो विषय नको.

रात्र झाल्यावर मन थोडे निवळले. एका कार्डाने त्या मुलीला सगळा इतिहास सांगावा हे माझे मागणेच जास्तीचे होते. ती गिब्सनच्या चेहऱ्यासमोर थांबली आणि त्याचे नाव तिने दोनदा वाचले, हेही घडलेच आहे. जुन्या शैलीत कार्डे करणे सोडून द्यावे का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर नाही असेच आले. त्याला त्याच कागदावर, त्याच रंगांत, रूथच्या शेजारी मांडता येईल असे पाहण्याची माझी इच्छा खरी आहे आणि तिची मला लाज वाटत नाही. फक्त त्या इच्छेने दुसरी गोष्ट झाकली जाऊ नये.

म्हणून तासाभरापूर्वी फाईल उघडून लाल पट्टीतली च्युइंगमची जाहिरात काढली आणि त्याच पांढऱ्या अक्षरांत, त्याच उंचीने, हे कार्ड १९३३ मध्ये निघाले नाही अशा अर्थाचे इंग्रजी शब्द बसवले. ते जाहिरातीपेक्षा थोडे कमी जागेत मावतात. दोन्ही बाजूंना उरलेली जागा पाहून डोळा अडखळतो. निखिलला दाखवले, तर तो म्हणाला की यामुळे कार्डाची मजा गेली. थोडी गेली आहे, हे मलाही दिसते आहे. त्या जाहिरातीतच कार्डाचा भाबडेपणा होता, मुलाच्या खिशातला वास होता, आणि तो मला फार प्रिय होता. तरीही पट्टी आता अशीच राहील.

चार्ल्स्टनची पट्टीही तशीच करणार आहे. त्याच्यामागचा पडदा पिवळा ठेवायचा ठरवले आहे, म्हणजे टोपीखालची सावली निळ्याकडे झुकवता येईल. १९३३ पर्यंत मध्यक्षेत्र सोडून तो पहिल्या बेसवर खेळू लागला होता आणि संघाचा व्यवस्थापकही होता, तेव्हा चित्रात हातमोजा पहिल्या बेसच्या खेळाडूचा हवा. मागच्या हिरव्या मजकुरात या वेळी सगळे येईल: इंडियानापोलिस, १८९६, क्यूबा, क्रॉफर्ड्स, १९५४ मधला मृत्यू आणि १९७६ मधला हॉल ऑफ फेम. एवढे सगळे चार ओळींत मावणार नाही. अक्षर लहान करण्यापेक्षा खालची चौकट काढून टाकलेली बरी.