टॉवरवरची वाफ

थंडीत पहाटेच्या शिफ्टला गेलं की आमच्या डेअरीच्या कूलिंग टॉवरवर वाफेचा लोट दिसतो. नवी पोरं फोटो काढतात. माझी मात्र चिडचिड होते. दूध ४ अंशांपर्यंत गार करायचं, त्यातून काढलेली उष्णता आभाळात सोडायची आणि भिंतीपलीकडे सीआयपीला, म्हणजे टाक्या-पाइप न उघडता जागच्या जागी धुवायला, ८० अंशांचं पाणी हवं म्हणून बॉयलरमध्ये ब्रिकेट, म्हणजे भुसा-काडीकचऱ्याच्या दाबलेल्या कांड्या, टाकत राहायचं. बॉयलरवरचे आबा म्हणालेच एकदा, "सायेब, गार करायला बी पैसं आन् गरम करायला बी पैसं?"

अडचण एवढीच, की टॉवरकडे जाणारी उष्णता ३५ अंशांच्या आसपासची. तेवढ्यावर टाक्या धुऊन निघत नाहीत. तिला वर चढवायला हीट पंप लागतो. त्यात दुसरा कॉम्प्रेसर अमोनियाला, म्हणजे दुधातली उष्णता वाहून आणणाऱ्या गॅसला, आणखी दाबतो, पार ४० बारच्या (हवेच्या दाबाच्या चाळीसेक पट) वर. मग तो ८० अंशांच्या पुढे द्रवरूप होतो आणि पाणी तापवतो. आमचे नेहमीचे कॉम्प्रेसर एवढा दाब सोसत नाहीत, म्हणून कोटेशन बघून घाम फुटतो.

कल्पना जुनीच. ऑस्ट्रियात रिटिंगरनं १८५० च्या दशकात मिठाचं पाणी आटवताना उठणारी वाफच दाबून पुन्हा आटवायच्या कामाला लावून पाहिली होती. दूध पावडरचे कारखाने आज तेच करतात.

मी हिशोब मांडला. १०,००० लिटर पाणी २५ वरून ८० अंशांवर न्यायला साधारण ६४० युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. हीट पंप एका युनिट विजेवर चार युनिट उष्णता देतो असं धरलं तर वीज १६० युनिट. साडेआठ रुपये दरानं १,३६० रुपये. तेवढ्याच कामाला ब्रिकेट १८० किलोच्या घरात, सात रुपये किलोनं १,२६०. अकाउंटवाले गालात हसले. महागड्या फर्नेस ऑइलवर असतो तर हसले नसते! टॉवरचं वाचणारं पाणी, राखेची उठाठेव, पावसाळ्यात भिजलेली ब्रिकेट, हे त्यांच्या कागदात कुठे येतं?

तूर्त आधी जे स्वस्त ते केलं. कॉम्प्रेसरमधून अमोनिया १०० अंशांच्या वर तापून निघतो. तो द्रवरूप होतो त्या कंडेन्सरच्या आधी एक डीसुपरहीटर बसवला, म्हणजे त्या तापलेल्या गॅसवर पाणी तापवून घेणारं यंत्र. त्यात हाती लागते ती एकूण उष्णतेचा जेमतेम आठवा-दहावा हिस्सा, पण वीज जास्तीची लागत नाही. आता बॉयलरच्या फीड टाकीत पाणी कोमट नाही, चांगलं गरम येतं. काल लॉगबुकात आबांच्या अक्षरात ५६ लिहिलं होतं. खाली दोन रेघा.