माचनूर: साथ सोडलेल्या घोडेस्वारांच्या बाजूने

सोलापूरला चुलतबहिणीच्या मुलाचं लग्न होतं. हळद, अक्षता, पाहुण्यांची उठबस आणि निघताना कडक भाकरी नि शेंगाचटणीची बांधाबांध यातच सगळे दिवस गेले. भुईकोट किल्ला रिक्षातून दिसला तेवढाच. लिहायचंय ते माचनूरबद्दल, कारण मराठ्यांचे सेनापती संताजी घोरपडे यांना सोडून गेलेल्या फौजेबद्दल तिथे जे ऐकलं ते अजून डोक्यातून जात नाही.

मंगळवेढ्याच्या एसटीत बसायचं, बेगमपूरला भीमा ओलांडायची आणि माचनूरच्या फाट्यावर उतरायचं. जानेवारी होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यात आलेली. काळी जमीन, चिकाने भरलेली कणसं आणि पाखरं राखायला उभी असलेली माणसं. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार का म्हणतात ते या दिवसांत आलं की कळतं. मंदिरापर्यंत चालत गेले. सिद्धेश्वराचं देऊळ, नदीत उतरणाऱ्या पायऱ्या आणि बाजूला किल्ल्याची तटबंदी. गर्दी नाही, रांग नाही, अभिषेकासाठी मागे लागणारं कुणी नाही. मला अशी देवळं आवडतात.

पण याच काठावर १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती. शेजारच्या ब्रह्मपुरीचं नाव त्याने इस्लामपुरी केलं आणि साडेचार वर्षं इथून हिंदुस्थानचा कारभार चालवला. देवळातल्या भुंग्यांनी त्याच्या माणसांना कसं पिटाळलं ती गोष्ट इथे सगळेच सांगतात. छावणीतले साधे शिपाई कसे जगत असतील हे मात्र कुणी सांगत नाही, आणि मला तेच हवं होतं.

जेमेल्ली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी १६९५ मध्ये कृष्णाकाठच्या गलगल्याला याच बादशहाच्या छावणीत गेला होता. साठ हजार घोडेस्वार, एक लाख पायदळ, पन्नास हजार उंट, तीन हजार हत्ती, अडीचशे बाजार, आणि सगळे मिळून पाच लाख माणसं, असा आकडा त्याने लिहून ठेवलाय. आकडे फुगलेले असले तरी चित्र कळतं. चालतं-फिरतं शहरच ते. त्यातल्या स्वाराचा पगार थेट बादशहाकडून यायचा नाही, तो ज्या मनसबदाराच्या, म्हणजे फौज बाळगणाऱ्या बादशाही सरदाराच्या हाताखाली असे त्याच्याकडून मिळायचा. हजेरीच्या कागदावर त्याच्या बापाचं नाव, रंग, अंगावरचा तीळ, जखमेचा व्रण असं सगळं लिहिलेलं असे. त्याला ‘चेहरा’ म्हणत. घोड्याच्या अंगावर तापल्या लोखंडाचा डाग. एवढा बंदोबस्त कशाला? खोटी हजेरी लावून पगार उचलला जायचा म्हणून. उलट मनसबदारालाच कित्येकदा वर्षाचे बारा महिने धरून मिळत नसे, आठ महिन्यांचं मिळे, कधी त्याहूनही कमी. मग स्वाराच्या हातात काय पडणार? धान्य बंजाऱ्यांच्या तांड्यांवरून यायचं आणि ते तांडे मराठे वाटेतच लुटायचे. लुटले की छावणीत महागाई. याच फौजेत चाकरीला असलेल्या भीमसेन सक्सेनाने लिहिलंय की पोरं तंबूतच जन्मली, तंबूतच वाढली, घर कसं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. बारा-तेरा वर्षांचे शाहूराजेही त्या वेळी याच छावणीत कैदेत होते.

मी पायऱ्यांवर बसून हे सगळं डोळ्यांसमोर आणत होते, तेवढ्यात दोन गाड्या भरून मुलं आली. कॉलेजच्या वयाची, डोक्याला भगव्या पट्ट्या. बरोबर एक वक्ते. आवारात मुलांना बसवून त्यांनी संताजी घोरपड्यांवर बोलायला सुरुवात केली. सुरुवात खरंच चांगली होती. संताजींनी कापून नेलेले बादशाही तंबूचे सोन्याचे कळस, दोड्डेरीला कोंडलेला मोगल सरदार कासिमखान, बसवापट्टणला पडलेला दुसरा सरदार हिम्मतखान. मुलं टाळ्या देत होती, मीही ऐकत होते. मग शेवट आला. १६९७ मध्ये संताजींचीच फौज त्यांना सोडून मराठ्यांचेच दुसरे सरदार धनाजी जाधव यांच्याकडे गेली, ते एकटे पडले, म्हसवडच्या नागोजी मान्याने त्यांना मारलं आणि त्यांचं शिर इथे, याच छावणीत, बादशहापुढे आणून मिरवलं. इथवर बरोबर. पुढे वक्त्यांनी आवाज चढवला. ती फौज गद्दार होती, हरामखोर होती. आणि मुलांकडून त्या शिपायांच्या नावाने धिक्काराच्या घोषणा वदवून घेतल्या.

मला ते सहन झालं नाही. संताजी मला कमी प्रिय नाहीत. पण ज्यांच्या जिवावर दोड्डेरी झाली तीच ही माणसं. त्यांच्यातल्या एकाचंही नाव आज कुणाला माहीत नाही, आणि जे माहीत नाहीत त्यांना शिवी देणं फार सोपं असतं.

मी उठून वक्त्यांना विचारलं, ती फौज का गेली ते मुलांना सांगाल का? संताजींची शिस्त फार कडक होती. बारीकशा चुकीसाठीही ते माणसाला हत्तीच्या पायी देत, असं मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो. तो शत्रूकडचा, त्यामुळे त्यातलं थोडं वजा करू. पण अमृतराव निंबाळकरांना खरंच हत्तीच्या पायी दिलं होतं, आणि नागोजी मान्याची बायको त्यांची बहीण. फौज सोडून जाण्याआधी, १६९६ मध्ये, तमिळ मुलखातल्या जिंजी किल्ल्याकडे मराठ्यांच्याच दोन फौजा एकमेकींवर चालून गेल्या होत्या, एकीकडे संताजी, दुसरीकडे धनाजी आणि स्वतः राजाराम महाराज. संताजींनी छत्रपतींनाच धरलं, आणि दुसऱ्या दिवशी हात बांधून त्यांच्यापुढे उभे राहिले म्हणतात. या यादवीत साध्या स्वाराने कुणाला धनी मानायचं? सेनापतीला की राजाला?

वक्ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही फितुरीचं समर्थन करताय.” मुलं हसली. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

नदीकडच्या बाजूला धोतर-सदऱ्यातले एक गृहस्थ बसले होते. ते उठून माझ्याजवळ आले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, गाव इथलंच जवळचं. आधी त्यांनी मला बसायला सांगितलं, पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. मग म्हणाले, “ताई, त्यांना एक इचारायचं राहिलं तुमचं. रजा मिळत हुती का त्या पोरांना?”

मला माहीत होतं तेवढं मी त्यांना सांगितलं, की शिवाजी महाराजांच्या वेळी दसऱ्याला फौज बाहेर पडायची, आठ महिने परमुलखात राहायची आणि पावसाळ्यात घरच्या छावणीत परतायची. बरोबर बाई न्यायची नाही, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावायचा नाही, परत आल्यावर लुटीची झडती द्यायची. नियम कडक, पण घराचा रस्ता ठरलेला. संभाजी महाराजांना मारलं, रायगड पडला आणि ती घडी विस्कटली. खजिना रिकामा, राजा शेकडो कोस लांब जिंजीला. मुलूख मोगलांच्या हातात गेला तेव्हा शेतं कोण करत असेल? पेरणी हुकली तर घरात वर्षभर काय खायचं? म्हसवडचे माने, जतचे डफळे यांच्यासारखी वतनदार घराणी तर आज इकडे, उद्या तिकडे होती, आणि त्यांच्यामागे गावातली पोरं जायची.

हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं. मग उजव्या हाताची बोटं एकेक करून मुडपत बोलू लागले. “थोरलीच्या टायमाला मी वरच्या बर्फात. वडील वारले, तिसऱ्या दिवशी कळलं. धाकट्या भावाचं लगीन फोटोत बघितलं.” चौथं बोट मुडपलंच नाही, ते तसंच धरून ठेवलं. “आमच्यातला एक पोरगा रातीत निघून गेला हुता. बिनरजा. धरून आणला. सायबानं इचारलं, का गेलास? तर म्हनतो, हिरीचं पानी आटलं, आई एकटीच हाय. शिक्षा झाली त्याला, व्हायलाच पायजे. मीच त्याच्यावर पहाऱ्याला हुतो. पर गद्दार म्हनून कुनी त्याला हाक मारली नाय, एकानं बी नाय.”

“मग संताजींच्या फौजेला तुम्ही काय म्हणाल?” मी विचारलं.

“शिस्त पायजेच, ताई. शिस्त नसंल तर शंभर मानसं म्हंजी जत्रा. पर शिस्त लावनाऱ्यानं मानसाला घरचं इचारावं लागतं. ते न्हाई इचारलं तर पोरगं मरायला तयार हुतं, ऱ्हायाला न्हाई.”

मी इतकी पुस्तकं वाचली, पण संताजींच्या शेवटाबद्दल मला इतकं पटलेलं कुठे वाचलं नव्हतं. संताजींवरचा माझा लोभ त्याने कमी झाला नाही. म्हाळोजीबाबांचा मुलगा तो, बाप संगमेश्वरला संभाजी महाराजांसाठी लढता लढता पडलेला. त्याला घरचं दुःख ठाऊक नसेल असं कसं म्हणू? पण त्याच्या फौजेतला शिपाईही कुणाचा तरी मुलगा होता, आणि शेवटी चालून चालून थकला होता.

“ती पोरं पुढं कुठं गेली?” हवालदारांनी फाट्याकडे चालताना विचारलं.

धनाजींच्या फौजेत गेली आणि मोगलांशीच लढत राहिली, हे मी सांगितलं. घरी नाही गेली. हाच मुद्दा त्या वक्त्यांपुढे मांडायचा राहून गेला होता. आणखी दहा वर्षांनी, ऑक्टोबर १७०७ मध्ये, खेडला पुन्हा मराठेच मराठ्यांसमोर उभे राहिले, एका बाजूला ताराबाईंची फौज, दुसऱ्या बाजूला कैदेतून सुटून आलेले शाहूराजे. ताराबाईंकडून पाठवलेले धनाजी लढलेच नाहीत, शाहूंना जाऊन मिळाले. त्यांना मात्र आजवर कुणी भर सभेत गद्दार म्हटलेलं मी ऐकलं नाही. सरदाराने बाजू बदलली की मुत्सद्देगिरी, शिपायाने बदलली की फितुरी.

हवालदार म्हणाले, “ते असंच असतंय.” मग मंगळवेढ्याकडून एसटी आली, तर त्यांनी स्वतः हात करून थांबवली आणि कंडक्टरला बजावलं, पाव्हणी आहे, बसायला जागा कर. जागा मिळाली नाही, सोलापूरपर्यंत उभीच आले. गाड्या कमी आहेत या रस्त्यावर आणि माचनूरला छावणीची माहिती देणारी एक धड पाटी नाही. मंदिराच्या आवारात बादशहाची गोष्ट ऐकायला मिळते, संताजींची मिळते. त्या पाच लाखांतल्या आणि त्यांच्यावर चालून येणाऱ्यांतल्या साध्या माणसांबद्दल दोन ओळी कुणी लिहून लावल्या तर खर्च मी देईन, असं मी तिथल्या एका कार्यकर्त्याला सांगून आलेय. पुढच्या खेपेला म्हसवडला जायचंय, मान्यांच्या गावात त्यांची बाजू कशी सांगतात ते ऐकायला.