गुडघ्यामागची चीर

मी नऊ वर्षांची असताना बंबातलं कढत पाणी डाव्या पायावर सांडलं. आजीने धावत येऊन वर निळी शाई ओतली. तेव्हा तोच उपाय. जखम भरायला चार महिने लागले आणि गुडघ्याच्या मागे कातडी चुण्या पडून आखडली. त्या वणासकट पुढची चाळीस वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्या वणाला चीर पडली. खाली बसून भाजी निवडली की उघडायची, दोन दिवस पाय लांब ठेवला की मिटायची. आधी हळद, मग खोबरेल, मग मेडिकलवाल्याने दिलेलं मलम. नेहमीच्या डॉक्टरांनी सात महिने मलमं बदलली, शुगर तपासली, ती नॉर्मल निघाली. "वयाप्रमाणे वेळ लागतोच," ते म्हणाले. एकोणपन्नास हे काय वय झालं का, हे मी मनातच म्हटलं. तोंडावर म्हणायला हवं होतं.

कडा उंच झाल्या, फुलकोबीसारख्या खडबडीत. वास येऊ लागला. ड्रेसिंग लेक करायची. एक दिवस ती म्हणाली, "आई, ही जखम भरत नाहीये गं, वाढतेय."

मग तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये लांबलचक शब्द होता, सुडोएपिथेलिओमॅटस हायपरप्लेशिया, आणि खाली 'कॅन्सर आढळला नाही'. आम्ही पेढे आणले. आता ते आठवलं की हसू येतं, आणि जरा रागही.

कारण जखम तशीच होती. तालुक्याचं गाव सोडून शहरात एका सर्जनना दाखवलं. त्यांनी रिपोर्ट वाचला, पाय उजेडात धरला आणि विचारलं, "ताई, भाजलं कधी होतं?" चाळीस वर्षं म्हटल्यावर ते गप्प झाले. मग कागदावर चित्र काढत समजावलं. जखम भरताना कडेची कातडी झपाट्याने वाढते, खाली घुसते, तिला रक्त पुरवायला नव्या रक्तवाहिन्या फुटतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे सगळं कॅन्सरसारखंच दिसतं, आणि सुरुवातीचा कॅन्सर या भरणाऱ्या कातडीसारखा दिसतो. त्या लांब शब्दाचा अर्थ एवढाच होता, की कातडी भरायच्या धडपडीत आहे. पण वरवरचा एकच तुकडा घेतला तर खाली काय चाललंय ते कळत नाही. "कडेचा, खोल, आणि चार जागांचा पाहिजे."

चार तुकडे घेतले. दहा दिवसांनी रिपोर्ट आला, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर.

भाजल्याच्या जुन्या वणात होणाऱ्या या कॅन्सरला मार्जोलिन अल्सर म्हणतात. मार्जोलिन या फ्रेंच सर्जनने १८२८ मध्ये वणातल्या अशा जखमांचं वर्णन केलं होतं, पण तो कॅन्सर आहे हे त्यालाही उमगलं नव्हतं. हे वाचून मला आमच्या डॉक्टरांचा राग थोडा कमी झाला. थोडाच.

रात्री झोप लागायची नाही, म्हणून वाचत बसायचे. जखम भरणं म्हणजे पेशींना 'वाढा' असा निरोप जाणं, आणि काम झालं की 'थांबा' असा. चीर रोज उघडत राहिली तर पहिला निरोप चालूच राहतो आणि दुसरा जातच नाही. पेशी विभागत राहतात, प्रत्येक विभागणीत डीएनएची नक्कल चुकायची शक्यता असते, आणि सूज त्यात भर घालते. वणात लसीकावाहिन्या, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींची ये-जा होते त्या बारीक नळ्या, कमी, त्यामुळे शरीराची ही पहारेकरी मंडळी तिथे नीट पोचत नाहीत. हॅरॉल्ड ड्वोरॅक या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनी १९८६ मध्ये आपल्या लेखाच्या मथळ्यातच ट्यूमरना 'न भरणाऱ्या जखमा' म्हटलं होतं. माझ्या बाबतीत तर ते शब्दशः.

आपल्याकडचं उदाहरण सर्जननीच सांगितलं. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकरांनी १९४०च्या दशकात 'धोतर कॅन्सर' नोंदवला होता. कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षं धोतर घट्ट बांधून कातडी घासायची, काळवंडायची, सोलायची, पुन्हा भरायची. साडी नेसणाऱ्या बायकांनाही परकराची नाडी बांधतात त्या जागी हे होतं. त्या दिवशी घरी येऊन परकराची नाडी सैल केली. अजून सैलच बांधते.

एमआरआयमध्ये हाड वाचलेलं दिसलं, जांघेतल्या लसीकागाठींत कॅन्सर पसरलेला नव्हता. ऑपरेशनमध्ये जखमेभोवतीची दोन सेंटीमीटर चांगली कातडी धरून सगळं काढलं आणि उजव्या मांडीची पातळ साल काढून तिथे लावली. पाचव्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा ती गुलाबी होती. सिस्टर म्हणाल्या, "धरलंय हो." मला रडू आलं.

दुखली मात्र मांडी. पायापेक्षा कितीतरी जास्त, आणि हे कुणीच आधी सांगत नाही. पण तिथे जे पाहिलं ते विसरत नाही. नुसती साल काढलेली, लालभडक, हाताच्या पंजाएवढी जागा. केसांच्या मुळांशी उरलेल्या पेशींतून नवी कातडी येते म्हणे. पंधरा दिवसांत पट्टी आपोआप सुटली, खाली कोरी कातडी. वाढली, कडा एकमेकींना भेटल्या, थांबली. डाव्या पायाला सात महिन्यांत जे जमलं नाही ते उजव्या मांडीने पंधरा दिवसांत केलं होतं.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी. रोज तेल लावायचं, उकिडवं बसायचं नाही, भाजी टेबलावर निवडायची. दर महिन्याच्या एक तारखेला लेक वणाशेजारी रुपयाचं नाणं ठेवून मोबाइलवर फोटो काढते, म्हणजे आकार कळतो. गेल्या महिन्यात एका कोपऱ्यावर खपली दिसली. सर्जन म्हणाले, दोन आठवडे बघू, नाही पडली तर तुकडा घेऊ. अकराव्या दिवशी अंघोळीत पडली. त्या दिवशीही फोटो काढून ठेवलाय.