एकच पत्ता, दोन सर्व्हर

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याच्या संगणक यंत्रणेची देखभाल मी बाहेरून करतो. तिथे दोन सर्व्हर आहेत. दोन्हींवर डेबियन लिनक्स ही संगणक प्रणाली आणि त्यावर केव्हीएम, म्हणजे एका सर्व्हरमध्ये अनेक आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन्स) चालवण्याची सोय, आहे. हिशेब, सुताचा साठा, कामगारांची हजेरी आणि निर्यातीची कागदपत्रे सांभाळणारी व्हर्च्युअल मशीन्स त्यात चालतात. आठवडी सुट्टीच्या दिवशी कारखान्यातील तरुण सहकाऱ्याने ठरल्याप्रमाणे दोन्ही सर्व्हर डेबियन १० वरून ११ वर नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकांचा फोन आला. "साहेब, रात्रीचा बॅकअप अर्ध्यातच अडकलाय. सर्व्हर मध्येच दिसतो, मध्येच गायब होतो. पण हिशेबाचं काम मात्र झकास चालू आहे. हे कसं काय?"

त्यांच्या प्रश्नातच निम्मे उत्तर होते. व्हर्च्युअल मशीन्स सुरळीत आणि ती ज्यांवर चालतात ते होस्ट मात्र बेभरवशाचे, असे असेल तर केबल किंवा स्विच यांच्यावर संशय घेण्यात अर्थ नसतो, कारण दोघांची वाहतूक त्याच केबलमधून जाते. तरी मी पोहोचेपर्यंत सहकाऱ्याने केबल बदलून पाहिल्या होत्या, आणि ते स्वाभाविकही होते.

हिशेब विभागातल्या एका संगणकावरून दोन्ही सर्व्हरना दोन खिडक्यांत एकाच वेळी पिंग (उत्तर येते का ते पाहणारी छोटी हाक) लावले, तेव्हा एक उत्तर देऊ लागला की दुसरा गप्प होत होता आणि थोड्या वेळाने पारडे फिरत होते. एका सर्व्हरवरून दुसऱ्याला पिंग तर एकदाही लागला नाही. दोन यंत्रांना चुकून एकच आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांकाचा पत्ता, दिला की असे होते, परंतु इथे आयपी वेगवेगळे होते: एकाच्या शेवटी ११, दुसऱ्याच्या शेवटी १२. मग त्याच संगणकावर एआरपीचा तक्ता, म्हणजे कोणत्या आयपीमागे कोणता मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) आहे याची यादी, काढला. ११ आणि १२ या दोन ओळी एकाखाली एक होत्या आणि त्यांच्यासमोरचा मॅक पत्ता शेवटच्या अंकापर्यंत सारखा होता.

स्विच आयपी पाहत नाही. कोणत्या पोर्टमधून कोणत्या मॅक पत्त्याची फ्रेम (माहितीचे पाकीट) आत आली एवढेच तो लक्षात ठेवतो आणि त्या पत्त्यासाठी आलेली पुढची फ्रेम त्याच पोर्टवर सोडतो. एकच पत्ता दोन पोर्टांमागे असेल, तर शेवटी जो बोलला त्याच्याकडे दोघांचीही वाहतूक जाते, आणि तो सर्व्हर परका आयपी पाहून ती टाकून देतो. स्विचच्या नोंदींत तो पत्ता एका पोर्टवरून दुसऱ्यावर उड्या मारताना स्पष्ट दिसत होता. सर्व्हर आपसांत बोलू शकत नव्हते तेही यामुळेच: समोरच्याचा पत्ता म्हणजे स्वतःचाच पत्ता, त्यामुळे फ्रेम बाहेर पडतच नव्हती.

आता प्रश्न असा की हा पत्ता आला कुठून? खऱ्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता कारखान्यातूनच येतो. त्याच्या ६ बाइटांपैकी पहिले ३ बाइट आयईईई ही संस्था उत्पादक कंपनीला नेमून देते. व्हर्च्युअल इंटरफेसला, म्हणजे आभासी नेटवर्क कार्डाला, असा कारखाना नसल्यामुळे त्याचा पत्ता सॉफ्टवेअरनेच घडवावा लागतो, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. केव्हीएमच्या मशीनसाठी ती सांभाळणारा लिबव्हर्ट हा प्रोग्रॅम ५२:५४:०० या सुरुवातीपुढे ३ बाइट यादृच्छिक निवडतो आणि ते मशीनच्या व्याख्येत लिहून ठेवतो. कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत प्रोग्रॅम चालवणारा डॉकर बराच काळ ०२:४२ पुढे कंटेनरच्या आयपीचे ४ बाइट जोडत आला. होस्टचा आयपी मात्र आमच्याकडे ब्रिजवर आहे, म्हणजे ज्या आभासी स्विचला खरे कार्ड आणि सगळी मशीन्स जोडलेली असतात त्यावर.

ब्रिजला स्वतंत्रपणे पत्ता दिला नसेल, तर लिनक्सचे कर्नल (प्रणालीचा गाभा) त्याला जोडलेल्या पोर्टांपैकी सर्वांत लहान मॅक पत्ता देते. म्हणूनच लिबव्हर्ट होस्टच्या बाजूच्या टॅप इंटरफेसचा (मशीनला ब्रिजशी जोडणाऱ्या आभासी टोकाचा) पहिला बाइट 'एफई' असा मुद्दाम मोठा ठेवतो (या पत्त्यांत ९ च्या पुढे 'ए' ते 'एफ' हेही अंकच असतात), म्हणजे एखादे मशीन सुरू-बंद केल्याने ब्रिजचा पत्ता बदलत नाही आणि खऱ्या कार्डाचाच पत्ता टिकून राहतो. ही युक्ती मला फार आवडते. डेबियन १० वर आमचे दोन्ही ब्रिज अशा रीतीने आपापल्या कार्डाचा पत्ता लावून बसले होते.

लिनक्समधील सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडी या प्रोग्रॅमच्या २०१९ मधील २४२ व्या आवृत्तीत हे बदलले. ब्रिज, बाँड, टॅप यांसारख्या इंटरफेसनाही कायम टिकणारा पत्ता मिळावा म्हणून तो इंटरफेसचे नाव आणि यंत्राचा मशीन-आयडी (त्यावरील प्रणालीची स्वतःची ओळख) यांवरून हॅश, म्हणजे त्याच माहितीवरून नेहमी तोच निघणारा आकडा, काढून ठरवला जाऊ लागला. डेबियन १० मध्ये २४१ वी आवृत्ती होती, ११ मध्ये २४७ वी. ब्रिजचे नाव दोन्हीकडे सारखेच होते. दोन्ही सर्व्हरवरील मशीन-आयडीची ३२ अक्षरी फाइल शेजारीशेजारी उघडली, तर तीही सारखीच निघाली. दुसरा सर्व्हर घेतला तेव्हा बसवणाऱ्याने पहिल्याची डिस्क जशीच्या तशी उतरवली होती, आणि इतकी वर्षे त्याने काहीच बिघडले नव्हते.

व्यवस्थापकांना हे सांगताना मी शब्द शोधत होतो, तोवर तेच म्हणाले, "म्हणजे जेकार्डला तीच कार्डं लावली की दोन मागांवर एकच नक्षी येते, तसंच ना?" अगदी तसेच.

सहकाऱ्याने तातडीचा उपाय म्हणून एका ब्रिजला हाताने पत्ता द्यायला घेतला आणि पहिला बाइट ५३ ठेवला. कर्नलने तो नाकारला. पहिल्या बाइटचा शेवटचा बिट १ असेल, तर तो पत्ता समूहासाठीचा ठरतो आणि इंटरफेसला देता येत नाही. त्याआधीचा बिट १ असेल, तर पत्ता कंपनीने नव्हे, स्थानिक पातळीवर नेमलेला आहे असा अर्थ होतो. त्यामुळे स्वतः घडवलेल्या पत्त्याच्या पहिल्या बाइटचा दुसरा अंक २, ६, 'ए' किंवा 'ई' यांपैकीच असावा लागतो. ५२ चालते, ५३ चालत नाही.

असा योग्य पत्ता ब्रिजच्या सेटिंगमध्ये कायमचा लिहून विषय मिटवता आला असता. परंतु तसे केले असते तर जुळा मशीन-आयडी आतच राहिला असता आणि उद्या दुसऱ्या एखाद्या ठिकाणी डोके वर काढले असते, म्हणून मी तोच बदलायचे ठरवले. इथे एक खाचखळगा आहे. नुसती मशीन-आयडीची फाइल पुसून ती नव्याने तयार करण्याची आज्ञा दिली, तर ती आज्ञा आधी डी-बस या दुसऱ्या सेवेच्या फोल्डरात तशीच फाइल आहे का ते पाहते आणि असल्यास जुनाच आयडी पुन्हा आणून बसवते. दुसऱ्या सर्व्हरवर ती फाइल होती. दोन्ही फाइली काढल्या, नवा आयडी घडवला, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तेथील मशीन्स बंद करून सर्व्हर पुन्हा सुरू केला. एआरपीच्या तक्त्यात आता दोन वेगळे पत्ते आले आणि दोन्ही खिडक्यांतले पिंग एकत्र धावू लागले.

किरकोळ कामे उरली. राउटरवर बाहेरून प्रवेशासाठी दुसऱ्या सर्व्हरचा जुना मॅक पत्ता नोंदलेला होता, तो बदलला. सिस्टमडीच्या जुन्या नोंदी आधीच्या आयडीच्या नावाच्या फोल्डरात राहिल्या आहेत, हे सहकाऱ्याला दाखवून ठेवले. व्हर्च्युअल मशीन्स तपासली, तेव्हा एकाच साच्यावरून काढलेल्या मशीन्समध्येही तोच प्रकार आढळला; त्यांच्या कार्डांचे पत्ते लिबव्हर्टने दिलेले आणि वेगळे असल्याने तूर्त धोका नव्हता. त्यांचे मशीन-आयडी पुढच्या आठवडी सुट्टीला एकेक करून बदलले, आणि साच्यातली मशीन-आयडीची फाइल रिकामी करून ठेवली, म्हणजे पुढे त्यावरून निघणारे प्रत्येक मशीन पहिल्यांदा सुरू होतानाच स्वतःचा आयडी तयार करील.