फूटव्हॉल्व्ह कुठं बसवलायस?

जर्मनीत मास्टर्स करताना प्रबंधासाठी मी विषय घेतला होता, हवा ओढून चालणारं उपग्रहाचं विद्युत इंजिन. तो मला खरा उमगला आमच्या सांगोल्याच्या विहिरीमुळे, तेही निम्मं काम झाल्यावर.

२०० किलोमीटर उंचीवर हवा इतकी विरळ असते, की एक रेणू दुसऱ्याला धडकण्याआधी दोनशेहून जास्त मीटर जातो. पण उपग्रह सेकंदाला ७.८ किलोमीटर वेगानं तिच्यात घुसतो, त्यामुळे ती त्याला अडवतेच. युरोपचा ‘गोचे’ उपग्रह २००९ साली गेला, २५५ किलोमीटरच्या आसपास फिरला आणि हा अडथळा झेनॉन वायूवर चालणाऱ्या आयन इंजिनानं भरून काढत राहिला. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याचा ४० किलो झेनॉन संपला, आणि तीन आठवड्यांत तो पडला. मग अडवणारी हवाच गोळा करून, तिचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, करून मागे फेकली तर? इटलीच्या सिताएल कंपनीनं व्हॅक्यूम चेंबरमध्ये असं इंजिन चालवल्याचं युरोपीय अंतराळ संस्थेनं मार्च २०१८ मध्ये जाहीर केलं. झेनॉनची निळी ज्योत हवेवर जांभळी झाली होती. तो फोटो बघूनच मी हा विषय मागून घेतला.

माझ्याकडे काम होतं फक्त इंजिनाच्या तोंडाचं, म्हणजे इनटेकचं. एक चौरस मीटर तोंडावर सेकंदाला जेमतेम २ मिलिग्रॅम हवा आदळते. तिचा मागे रेटा दीड ग्रॅम वजनाइतका. शंभरातले ४० रेणू आत पोचले, तर नुसत्या त्या तोंडाचा अडथळा फेडायला ते सेकंदाला १९.५ किलोमीटर वेगानं मागे फेकावे लागतात.

पहिल्या सिम्युलेशनमध्ये माझे ९० टक्के रेणू आत गेले. इंजिनाचा रेटा भागिले अडथळा आलं १.६. एकच्या वर म्हणजे उपग्रह तरला! मी गाईडना लगेच मेल केला. त्यांनी एकच विचारलं, भिंतीवरून रेणू कसे उडतात असं धरलंस? कॅरमच्या कडेवरून सोंगटी परतते तसे, ठरल्या कोनात, असं मी धरलं होतं. पण रेणूच्या मापानं कुठलाच पत्रा गुळगुळीत नसतो, त्यात तिथला अणुरूप ऑक्सिजन पृष्ठभाग खात राहतो. रेणू आपटतो, क्षणभर टेकतो आणि वाट्टेल त्या दिशेला सुटतो. तेवढी एक गोष्ट बदलली आणि ९० चे ४० टक्के झाले, १.६ चे ०.७.

त्या आठवड्यात अण्णांचा फोन आला. आत आलेली हवा उलटी निसटते, एवढंच मी सांगितलं. अण्णा म्हणाले, “मग फूटव्हॉल्व्ह कुठं बसवलायस?”

पाणबुडी मोटर येण्याआधी आमच्या विहिरीवर फूटव्हॉल्व्ह होता, म्हणजे पाइपाच्या तळाशी पाणी वर जाऊ देणारी पण उलटं न सोडणारी झडप. त्यात कचरा अडकला की पाइपातलं पाणी उतरून जायचं आणि अण्णा मला खाली उतरवायचे. इथे झडप बसवता येत नाही, पण अरुंद नळ्यांची जाळी ते काम करते. समोरून सरळ येणारा रेणू नळीतून आरपार जातो. आत आपटून दिशा हरवलेल्याला मात्र परतताना नळीच्या भिंती पुन्हापुन्हा लागतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी ही जाळी मी संशोधनाच्या पेपरांत शंभरदा पाहिली होती, पण ती झडप आहे हे मला त्या दिवशी कळलं. नळी लांबवावी तर परतणारे घटतात, पण जरा तिरके येणारेही तोंडाशीच अडतात. योग्य लांबी शोधण्यात माझे दोन महिने गेले.

फेकण्याचा वेग वाढवून सुटका होत नाही. वेग दुप्पट केला की वीज चौपट लागते, त्यासाठी सौरपट्ट्या वाढवायच्या, आणि त्या हवेला कडेनं धरल्या तरी अडथळा वाढवतातच. शिवाय सूर्याची सक्रियता वाढली की त्या उंचीवरची हवा बरीच दाट होते. इंजिनात इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडचं दुखणं वेगळंच, तापलेल्या कॅथोडला ऑक्सिजन निकामी करतो. म्हणून काही गट कॅथोडच नको अशी, रेडिओलहरींवर चालणारी इंजिनं करतायत. मला तीच वाट पटते.

माझा शेवटचा आकडा आला ०.८७. सादरीकरणाआधी दोन दिवस सौरपट्ट्या हिशेबातून वगळायचा मोह झाला होता, मग तो सहज एकच्या वर गेला असता. मी पट्ट्या ठेवल्या, ०.८७ च छापलं, आणि जाळीचा प्लॅस्टिकचा तुकडा थ्री-डी प्रिंट करून सांगोल्याला पाठवला. अण्णांनी त्यातून आधी फुंकर मारून बघितली.