दहा मिनिटांची मुलाखत

आज शेवटच्या वर्षाच्या लॉच्या मुलांच्या सराव मुलाखती घेतल्या. प्रत्येकी १० मिनिटं. त्यातली चार 'लहानपणापासून न्यायाची आवड' सांगण्यातच जातात!

एकीच्या सीव्हीवर होतं, इंटर्नशिपमध्ये चेक बाउन्सच्या नोटिसा तयार केल्या. मुदत विचारली, तर इंग्रजीत अडखळली. म्हटलं, मराठीत सांग. मग सुटलीच: चेक परत गेल्याचा बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात चेक बाउन्सच्या कलम १३८ची कोर्टात तक्रार. वर चुकीच्या पत्त्यामुळे परत आलेल्या नोटिशीचा किस्सा. अगं, हेच सांगायचं की!

फसवणुकीला 'आयपीसी ४२०' म्हणणाऱ्याला मात्र १ जुलै २०२४ची आठवण करून दिली; त्या दिवशी आयपीसी जाऊन बीएनएस, म्हणजे भारतीय न्याय संहिता, आली. आता बीएनएस ३१८, बाळा.

उद्या उरलेले अकरा. घसा बसलाय.